‘का’च्या आधी ‘काय’

“नाही आवडलं तर विरघळवून टाकता येतं.” ओठ भरदार करायला किंवा डोळ्यांखालचे खळगे भरायला गेलेल्या माणसाला हे वाक्य बहुतेक वेळा ऐकायला मिळतं. वाक्य खोटं नाही. पण त्यात एक नैतिक सोय दडलेली आहे, असं मला वाटतं. मागे जाता येतं, तर निर्णय फारसा गंभीर नाही. आणि निर्णय गंभीर नाही, तर तो घेणाऱ्यानं किंवा अमलात आणणाऱ्यानं फार विचार करायचं कारण नाही. प्रत्यक्षात काही बिघडलं की मात्र हीच गोष्ट एकदम गंभीर होते, आणि तिचं सगळं ओझं एकाच माणसाच्या डोक्यावर येतं. ज्याच्या चेहऱ्यावर ती बिघडली, त्याच्या.

या लेखात मला दोन प्रश्न हाताळायचे आहेत. बिघडलेलं फिलर ‘दुरुस्त’ करणं म्हणजे नेमकं काय करणं? आणि दुरुस्ती मागायला आलेल्या माणसाकडून आधी पश्चात्ताप वसूल करायचा अधिकार कुणाला आहे का? मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर लिहिते. पण दुसऱ्या कुणी तरी लिहून ठेवलेलं, कागदपत्रं नसलेलं, चालू स्थितीतलं बिघडलेलं काही तरी न थांबवता नीट करायचं, यात माझे बरेचसे दिवस जातात. त्यामुळे दुरुस्ती या गोष्टीबद्दल माझी काही मतं तयार झाली आहेत.

आधी थोडं रसायन. बहुतेक फिलर ज्या पदार्थाचे असतात तो हायलुरॉनिक आम्ल. १९३४ साली न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो गाईच्या डोळ्यातल्या जेलीसारख्या भागातून वेगळा काढला. तो आपल्या सगळ्यांच्या अंगात असतो. सत्तर किलोच्या माणसात साधारण १५ ग्रॅम, आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश रोज मोडून नव्यानं तयार होतो. नुसताच टोचला तर तो थोड्याच दिवसांत नाहीसा होईल. म्हणून कारखान्यात त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना रसायनानं बांधतात. मग तो काही महिने, कधी काही वर्षं टिकतो. हा पदार्थ पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता बहुतांशी जिवाणूंकडून करवून घेतात. अमेरिकेत या जातीचं पहिलं फिलर २००३च्या डिसेंबरात मंजूर झालं.

ते विरघळवणारं औषध म्हणजे हायलुरॉनिडेझ नावाचं विकर. त्याचा शोध याहून जुना आहे. १९२८ साली फ्रान्सिस्को दुरान-रेनाल्स या शास्त्रज्ञानं दाखवलं, की सशाच्या वृषणाचा अर्क मिसळला तर लशीतला विषाणू कातडीत झपाट्यानं पसरतो. त्यानं त्याला ‘पसरवणारा घटक’ म्हटलं. मधमाशीच्या आणि सापाच्या विषातही हे विकर असतं आणि त्याचं तिथलं काम तेच, वाट मोकळी करणं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भुलीचं इंजेक्शन डोळ्याभोवती नीट पसरावं म्हणून डॉक्टर ते कित्येक वर्षं वापरत आले आहेत. फिलर विरघळवणं हा त्याचा नंतर सापडलेला उपयोग. मूळ औषध या कामासाठी बनलेलं नव्हतं. डॉक्टरांनी अनुभवानं ते या कामाला लावलं.

आता ‘विरघळवणं’ म्हणजे ‘पूर्ववत करणं’ का? आमच्याकडे कोडचा इतिहास सांभाळणारं गिट नावाचं साधन आहे. त्यात ‘रिव्हर्ट’ नावाची एक आज्ञा असते. नवशिक्याला वाटतं, ती दिली की चुकीचा बदल पुसला जातो. तसं होत नाही. जुना बदल इतिहासात जिथल्या तिथं राहतो, आणि त्याच्या उलटा असा एक नवा बदल त्याच्यापुढे जोडला जातो. परिणाम सारखा दिसतो, पण ती स्वतंत्र कृती असते. तिला स्वतःचा कर्ता असतो, तारीख असते, आणि स्वतःचे धोकेही असतात.

फिलर विरघळवणं हे असंच आहे. विकराला बाहेरून आलेलं आणि घरचं यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही तोडतं. घरचं लवकर भरून येतं, पण दरम्यान चेहरा सुजतो, मग काही दिवस मलूल दिसतो. किती विकर द्यायचं याचा एकच ठरलेला आकडा नाही. फिलर किती घट्ट बांधलेलं आहे, किती आहे, कुठल्या थरात आहे, यावर ते अवलंबून. ज्याला मधमाशीच्या डंखाची जोरदार ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी हे इंजेक्शनही धोक्याचं ठरू शकतं. शिवाय फिलर हायलुरॉनिक आम्लाचंच नसेल तर या औषधाचा काहीच उपयोग नाही. सिलिकॉन किंवा ॲक्रिलिकचे सूक्ष्म मणी आत असतील, तर सुरीला पर्याय उरत नाही, आणि सुरीनंही सगळं निघेलच असं नाही. बोटॉक्सची गोष्ट आणखी वेगळी. ते मज्जातंतूच्या टोकात शिरलं की त्यावर उतारा नाही. पापणी खाली उतरली तर एक थेंब-औषध ती एखाददोन मिलिमीटर उचलून धरतं. बाकी तीनचार महिने वाट पाहायची. तिथं दुरुस्ती शरीर करतं आणि डॉक्टर फक्त धीर देतो.

आणि मागे जायचं म्हणजे कुठे? माणूस चोविसाव्या वर्षी फिलर घेतो आणि सत्ताविसाव्या वर्षी काढतो. मधल्या तीन वर्षांत त्याचा चेहरा तसाही बदलला असता. ज्या जुन्या फोटोवर बोट ठेवून “असं करून द्या” म्हणायचं, तो चेहरा फिलर घेतलं नसतं तरी आज नसता. वैद्यकात आणि कायद्यात ‘रेस्टिट्यूशिओ अॅड इंटेग्रम’ असा एक लॅटिन शब्दप्रयोग चालतो. जे जसं होतं तसं अखंड परत देणं, असा त्याचा अर्थ. लहानसं खरचटणं बरं होतं तेव्हा ते घडतं. चेहऱ्याच्या दुरुस्तीत फार करून त्याच्या जवळपास जाता येतं.

* * *

माझ्या एका मावसबहिणीनं लग्न ठरल्यावर डोळ्यांखाली फिलर घेतलं. दुकानांच्या वर दुसऱ्या मजल्यावर असतात तसलं एक क्लिनिक. तीन आठवड्यांनी डोळ्यांखाली दोन फुगवटे आले आणि कातडीला निळसर झाक आली. हायलुरॉनिक आम्ल फार वरच्या थरात बसलं की असं होतं. त्यातून जाताना निळा प्रकाश जास्त विखुरतो. याला टिंडल परिणाम म्हणतात. ही कारागिरीतली चूक असते, घेणाऱ्याच्या चेहऱ्यातली किंवा स्वभावातली नव्हे.

घरात पहिला प्रश्न आला तो असा : “कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला?” मावशीनं विचारला, मग काकूंनी, मग ज्यांना ही गोष्ट कळायला नको होती अशा आणखी दोघींनी. पुढचे दोन महिने ती गॉगल लावून वावरली. दुसऱ्या डॉक्टरकडे गेली नाही, कारण तिथंही हाच प्रश्न विचारतील याची तिला खात्री होती. “ताई, मला उत्तर द्यायचं नाहीये,” ती मला म्हणाली, “मला फक्त हे जायला हवंय.” शेवटी ती एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेली. त्यांचा पहिला प्रश्न होता : “काय टोचलं होतं? बॉक्स, स्टिकर, काही आहे का?” नव्हतं. चांगल्या कंपन्यांच्या फिलरच्या खोक्यात बॅच नंबरची सुटी चिकटपट्टी येते, ती रुग्णाच्या कागदावर लावायची असते. बहिणीकडे होती ती फक्त यूपीआयची पावती. पैसे गेल्याची नोंद होती, बदल्यात काय मिळालं याची नव्हती. नाव माहीत नसलेल्या पदार्थावर बाईंना अगदी थोडं विकर देऊन, आठवडाभर थांबून, पुन्हा बघत बघत जावं लागलं.

तेव्हापासून हे दोन प्रश्न माझ्या डोक्यात शेजारीशेजारी राहिले आहेत. ‘का केलंस?’ आणि ‘काय केलं होतं?’ मराठीत दोघांत एका अक्षराचा फरक. पहिला प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. त्याला कबुली हवी असते. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं तरच पुढचं काम होतं.

‘का’ विचारणारे दुष्ट असतात असं मला म्हणायचं नाही. त्यामागं एक जुनी समजूत आहे : हौस करणाऱ्यानं हौसेचं फळ भोगावं. या समजुतीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. एक, सुंदर दिसण्याची इच्छा. दुसरी, सुई चुकीच्या थरात जाणं. पहिली चांगली की वाईट यावर वाद घालता येईल, मला स्वतःला त्या बाजाराचा उबग आहे. पण दुसरी पहिलीचं फळ नाही. त्याच इच्छेनं त्याच आठवड्यात दुसऱ्या कुशल हाताखाली बसलेली मुलगी लग्नात हसत उभी असते आणि तिला कुणीही काही विचारत नाही. मग शिक्षा कशाची? इच्छेची असती तर दोघींना सारखी मिळायला हवी. एकीलाच मिळते, म्हणजे आपण तिला तिच्या डॉक्टरच्या अकुशलतेची शिक्षा देतो आहोत.

या गल्लतीला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. एकोणिसावं शतक संपता संपता व्हिएन्नात रॉबर्ट गेर्सुनी या शल्यविशारदानं शरीरात पॅराफिन टोचून पोकळी भरण्याची रीत काढली, आणि थोड्याच वर्षांत ती युरोपभर चेहऱ्यासाठी वापरली जाऊ लागली. मेण जागेवर थांबत नाही, त्याच्या गाठी होतात, हे कळेपर्यंत बऱ्याच जणांच्या चेहऱ्यात ते गेलेलं होतं. ग्लॅडिस डीकन त्यांतली एक. १८८१ साली जन्मलेली, पॅरिसच्या उच्चभ्रू वर्तुळात सौंदर्यासाठी आणि बुद्धीसाठी गाजलेली अमेरिकन तरुणी. ग्रीक पुतळ्यासारखं सरळ नाक हवं म्हणून विशीच्या सुरुवातीला तिनं नाकात मेण टोचून घेतलं. ते ओघळून हनुवटीकडे उतरलं. विरघळवायला काही नव्हतं. १९२१ साली ती मार्लबरोच्या ड्यूकशी लग्न करून ब्लेनहाइम राजवाड्याची मालकीण झाली. पुढे तो संसार मोडला, ती एकाकी होत गेली आणि १९७७ साली मनोरुग्णालयात वारली. तिची गोष्ट आजही बहुधा गर्वाचं घर खाली या थाटात सांगितली जाते. त्यात मेण टोचणारा माणूस कुठेच नसतो. वैद्यकानं न तपासलेला पदार्थ विकायला काढला होता, हेही नसतं. असते ती फक्त आरशात बघणारी बाई. ब्लेनहाइमच्या दर्शनी मंडपाच्या छतावर १९२८ साली तिचे निळे डोळे रंगवले गेले, ते आजही तिथं आहेत. चेहऱ्यातला मेणानं न बिघडलेला भाग तेवढा छतावर जपला गेला.

* * *

दुरुस्ती कुणाला द्यायची हा प्रश्न सरकारांपुढेही आला आहे. उदाहरण चेहऱ्याचं नाही, पण प्रश्न अगदी हाच आहे. पीआयपी या फ्रेंच कंपनीनं स्तनांच्या इम्प्लांटमध्ये औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरल्याचं २०१०मध्ये उघड झालं. २०११च्या डिसेंबरात फ्रेंच सरकारनं जाहीर केलं, की सुमारे ३०,००० स्त्रियांनी ती काढून घ्यावीत, काढण्याचा खर्च सरकार देईल. मात्र नवीन बसवण्याचा खर्च मिळणार होता तो कर्करोगानंतर इम्प्लांट घेतलेल्यांनाच. हौसेनं घेतलेल्यांना नाही. पुढच्याच महिन्यात इंग्लंडनं ठरवलं, की ज्यांचं खासगी क्लिनिक हात वर करेल किंवा बंद पडलं असेल, त्यांची इम्प्लांट एनएचएस काढेल, पण बदलून देणार नाही. वेल्सनं काढणं आणि बदलणं दोन्ही मान्य केलं.

एकच सदोष वस्तू, एकच फसवणूक, आणि तीन उत्तरं. फ्रेंच उत्तर ऐकायला न्याय्य वाटतं. सार्वजनिक पैसा मर्यादित असतो आणि आजारी माणसाचा हक्क आधी, हे कोण नाकारेल? पण त्यातला भेद कुठे आहे ते पाहा. फसवणूक दोघींची सारखीच झाली होती. दोघींच्या शरीरात तेच सिलिकॉन होतं. फरक होता तो मूळच्या इच्छेत. एकीची इच्छा सहानुभूतीला पात्र ठरली, दुसरीची नाही. म्हणजे सरकारनं नुकसान मोजलं नाही, हेतू मोजला. पैसे अपुरे आहेत म्हणून काढून देऊ, बदलून देणार नाही, हे मला पटू शकतं; इंग्लंडनं निदान खासगीत गेलेल्यांमध्ये हेतू विचारला नाही. पण तुझी गरज खरी नव्हती म्हणून तुझं नुकसानही अर्धंच खरं, हे तर्काला धरून नाही. घराला हौसेनं निळा रंग देणाऱ्या माणसाला भेसळीचा रंग विकला, तर ग्राहक न्यायालय त्याला विचारत नाही, की मुळात निळाच कशाला हवा होता.

नाकाच्या दुरुस्तीची जगभर गेलेली एक गोष्ट आपल्या पुण्याची आहे, ती इथं आठवते. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात एक पत्र छापलं गेलं. इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी १७९२च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. टिपूनं त्याचं नाक आणि एक हात कापला. साधारण वर्षभरानंतर पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो कपाळावर सपाट ठेवून आकार आखला, तेवढी कातडी एका देठावर सोडवली आणि वळवून खाली बसवली. हे वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदानं सराव केला आणि १८१४मध्ये लंडनला ही शस्त्रक्रिया करून दाखवली. आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात हे पान सहसा चुकत नाही.

मला त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. कावसजीला जुनं नाक परत मिळालं नाही. नवं मिळालं, आणि त्याची किंमत म्हणून कपाळावर व्रण मिळाला. दुरुस्तीचा हिशेब असाच असतो : एक जागा भरण्यासाठी दुसरीकडून उचलावं लागतं. दुसरी गोष्ट, आपल्याकडे नाक कापणं ही बेअब्रूची शिक्षाही होती. म्हणजे नाक करून देणारा कारागीर कुणाचा तरी निवाडा कापडासारखा उसवत होता. नाक पाहून ते लढाईत गेलं की चोरीत, हे कळत नाही. कापलेल्या नाकाचं माप घ्यायला मात्र दोन्ही वेळा तोच मेणाचा पत्रा लागतो.

* * *

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा. दुरुस्ती इतकी सहज आणि बिनशर्त मिळू लागली, तर लोक आणखी बेफिकीर होतील. ‘विरघळवता येतं’ या वाक्याचंच उदाहरण घ्या. दुरुस्तीच्या सोयीचा वापर मूळ वस्तू विकण्यासाठी होतोच आहे. एकाच खुर्चीत भरायचेही पैसे आणि काढायचेही पैसे, असा हा धंदा आहे. मग येणाऱ्याला निदान एकदा थांबवून विचारायला नको का?

थांबवून विचारायला हवं, पण ते भरण्याआधी. इच्छेबद्दल बोलण्याची जागा ती. ‘हे का हवंय?’ हा प्रश्न सुई टोचण्याआधी विचारणं हे डॉक्टरचं कर्तव्यच आहे. काही माणसांना चेहऱ्यात नसलेलं व्यंग सतत दिसत राहतं, आणि तो मानसिक आजार असतो, त्यांना फिलर देणं हा अपाय आहे. गंमत अशी की तिथं हा प्रश्न फारसा विचारला जात नाही, कारण तिथं गिऱ्हाईक जायची भीती असते. तो विचारला जातो नुकसान झाल्यावर, जेव्हा विचारणाऱ्याचं काही जात नाही. बेफिकिरीचंही तसंच. फिलर घेणारी बेफिकीर होईल याची काळजी करताना, टोचणारा बेफिकीर होण्याची काळजी जास्त करायला हवी. तिला निदान सूज सोसावी लागते. त्याला काहीच सोसावं लागत नाही, कारण बहुतेक माणसं लाजेपोटी त्याच्याकडे परत जात नाहीत, तक्रार तर दूरच. ‘का केलंस?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त त्याचं रक्षण करतो. २०१३ साली इंग्लंडमध्ये सर ब्रूस केओ यांच्या समितीनं या धंद्याची तपासणी केली, तेव्हा निष्कर्ष काढला होता, की फिलर घेणाऱ्याला ग्राहक म्हणून असलेलं संरक्षण बॉलपेन किंवा टूथब्रश घेणाऱ्यापेक्षा जास्त नाही.

पश्चात्ताप ही दुरुस्तीची फी झाली की काय होतं, हे दोन प्रसिद्ध चेहऱ्यांवरून दिसतं. २०१७मध्ये अभिनेत्री कोर्टनी कॉक्सनं सांगितलं, की तिनं सगळं फिलर विरघळवून टाकलं आणि आता ती जमेल तितकी नैसर्गिक राहणार आहे. ही शहाणपण सुचल्याची गोष्ट म्हणून वाचली गेली. २०२५च्या जुलैत मुंबईत उर्फी जावेदनं फिलर विरघळवतानाचा व्हिडिओ टाकला, सुजलेला लालबुंद चेहरा झाकला नाही. ती म्हणाली ते थोडक्यात असं : फिलर चुकीच्या जागी बसलं होतं, विरघळवणं फार दुखतं, डॉक्टर नीट पारखून निवडा, आणि मी फिलरच्या विरुद्ध नाही, पुन्हा घेईन. तिची टर उडवली गेली. मला वाटतं, राग त्या शेवटच्या वाक्याचा होता. तिनं दुरुस्ती घेतली आणि फी भरली नाही. पण तिचं बोलणं नीट ऐकलं तर त्यात दोष जिथं होता तिथंच ठेवलेला आहे : कामात. स्वतःच्या इच्छेवर तिनं तो ओढून घेतला नाही. तिच्या आवडीनिवडीशी माझा काही संबंध नाही, पण हा भेद तिनं तिच्यावर हसणाऱ्या बऱ्याच जणांपेक्षा स्वच्छ केला.

आमच्या धंद्यात सर्व्हर कोसळला की नंतर एक बैठक होते, तिला ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम म्हणतात. नियम एवढाच, की कुणी केलं आणि त्याला अक्कल नव्हती का, हे विचारायचं नाही. काय घडलं, कधी घडलं, कुठली खूण आधी दिसली होती, हे विचारायचं. हा भूतदयेचा प्रकार नाही. दोष द्यायला लागलं की माणसं माहिती लपवतात, आणि माहितीशिवाय दुरुस्ती होत नाही, म्हणून तो नियम आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६मध्ये या विषयावर जे पुस्तक काढलं त्यात एक नोंद आहे, की ही पद्धत मुळात विमानवाहतूक आणि वैद्यकीय क्षेत्रातून आली. म्हणजे रुग्णालयांनी आपल्या डॉक्टर-परिचारिकांच्या चुका उघड व्हाव्यात म्हणून जो शहाणपणा कमावला, तो आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी उचलला. तो जिला सगळ्यात जास्त हवा, त्या खुर्चीतल्या मुलीपर्यंत मात्र अजून पोचलेला नाही.

चेहऱ्याच्या बाबतीत माहिती लपण्याचे परिणाम फुगवट्यापुरते राहत नाहीत. क्वचित, पण निश्चितपणे, फिलर रक्तवाहिनीत जातं. नाक आणि भुवयांमधली जागा त्यासाठी सर्वांत धोक्याची, कारण तिथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिनीशी जोडलेल्या आहेत. कातडी पांढरी पडते, मग जाळीदार जांभळी होते, बहुतेक वेळा दुखतं. तिथं विकर भरपूर आणि ताबडतोब द्यावं लागतं; काही तासांनी कातडी मरू लागते. डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा तुटला तर हाताशी असलेला वेळ साधारण दीड तासाचा मानतात. अशा वेळी एखादी मुलगी आईला काय सांगू याचा विचार करत रात्र काढते, किंवा टोचणारा ‘सूज आहे, उद्या उतरेल’ म्हणून फोन ठेवतो. दोघंही ‘का’ला घाबरलेले असतात. दोघांच्या भीतीची किंमत एकाच चेहऱ्याला पडते.

म्हणून मी दुरुस्तीकडे दयेच्या अंगानं बघत नाही. दयेत वर-खाली असतं. द्यायची की नाही हे देणारा ठरवतो आणि त्याला चार शब्द ऐकवायची मुभा असते. दुरुस्ती हे काम आहे, आणि कामाला लागतात त्या अटी साध्या आहेत. पहिल्यांदा टोचणाऱ्यानं काय, किती, कुठे, कुठल्या बॅचचं हे लिहून रुग्णाच्या हातात द्यावं, आणि विरघळवणारं औषध आपल्याजवळ ठेवावं. ते नसेल तर टोचू नये. दुसऱ्यांदा हात लावणाऱ्यानं सांगावं, की जुना चेहरा परत येणार नाही, जवळपास जाता येईल, आणि वेळ लागेल. ‘पूर्ववत करून देतो’ हे वाक्य पहिल्या वाक्याइतकंच विक्रीचं आहे. आणि आपण, म्हणजे मावश्या, बहिणी, मित्र, ऑफिसात शेजारी बसणारे, यांनी विचारावं तर एवढंच : काय झालं, कधी झालं, दुखतंय का, कागद आहे का. दुखत असेल आणि कातडीचा रंग बदलला असेल, तर तेवढंही विचारत न बसता रिक्षा बोलवावी.

इच्छेवर नंतर बोलता येईल. चांगले दिसण्याचा हा बाजार कोण चालवतो, लग्नाच्या फोटोसाठी सव्विसाव्या वर्षी डोळ्यांखालचे खळगे का खुपतात, हे प्रश्न मोठे आहेत आणि त्यांची उत्तरं एकट्या मुलीनं द्यायची नाहीत. ‘का’ला तिथं जागा आहे. पण ती सूज उतरल्यानंतर, आणि तिला बोलावंसं वाटलं तर.